'जंक'च्या एकेचाळीस चिठ्ठ्या

१

सोमवारी सकाळी वहिनी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, 'जंक' गेलाय."

"कुठे गेलाय? फिरायला?" मी प्रुफातून मान वर न काढता विचारलं. सोमवारी सकाळी माझ्याशी कुणी बोललेलं मला खपत नाही, हे आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात.

"चेष्टा नाही हो. खणात गठ्ठाच नाही. एकेचाळीस चिठ्ठ्या होत्या. एकही नाही."

तेव्हा मान वर काढली. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आमचं ऑफिस शब्दकोशाचं. इंग्रजी शब्द, त्याचे मराठी अर्थ, तो आला कुठून, बदलत कसा गेला, आणि पुराव्याला पुस्तकांतली वाक्यं. एका वाक्याला एक चिठ्ठी. एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधून कपाटाच्या खणात ठेवायच्या. चिठ्ठ्या सगळ्याच अक्षरांच्या जमतात, छपाई मात्र ओळीने. सव्वीस वर्षांत आम्ही 'जे'पर्यंत पोचलोय. लोक हसतात. हसोत बापडे.

चिठ्ठ्यांसाठी कोरा कागद विकत आणायचा नाही, हा मोठ्या सरांचा दंडक. एका बाजूने वापरलेला कागद वहिनी आडवा कापतात, पानाच्या चार पट्ट्या होतात, आणि कोऱ्या बाजूवर आम्ही लिहितो. पाठीवर कुणाचं विजेचं बिल असतं, कुणाची खाजगी पत्रंही असतात. म्हणून दुसरा दंडक असा की चिठ्ठीची पाठ वाचायची नाही. आणि आम्ही कुणी वाचत नाही.

कपाटाच्या किल्ल्या चौघांकडे. मोठे सर, म्हणजे मुख्य संपादक, वय चौऱ्याहत्तर. धाकटे सर, म्हणजे उपसंपादक. हे त्रेपन्न वर्षांचे, डोक्यावर केस नाही, तरी धाकटेच. कपाटं सांभाळणाऱ्या वहिनी. आणि प्रुफं तपासणारी मी. समोर मला सगळे ताई म्हणतात, पाठीमागे 'पूर्णविराम'. कुलूप तुटलेलं नव्हतं. मी घेतल्या नाहीत एवढं मला माहीत होतं. उरले तिघं.

दुपारी संस्थेचे अध्यक्ष आले. 'जे'चा भाग शनिवारी छापखान्यात जायचा होता, आणि मूळ चिठ्ठ्या ताडून पाहिल्याशिवाय आम्ही एक ओळ छापत नाही. अध्यक्षांनी पाच मिनिटांत निकाल दिला. शुक्रवारी याच शब्दावरून धाकट्या सरांनी भर बैठकीत मोठ्या सरांशी कडाक्याचं भांडण केलं होतं. म्हणजे चोर तेच.

"शनिवारपर्यंत चिठ्ठ्या आल्या नाहीत, तर पहिल्या पानावरून त्यांचं नाव काढा. आणि ऑफिसातून त्यांना."

आम्ही सगळ्यांनी मोठ्या सरांकडे पाहिलं. धाकट्यांना त्यांनी हाताला धरून शिकवलेलं. ते खिडकीबाहेर बघत बसले आणि काही बोलले नाहीत.

अध्यक्ष जाता जाता मला म्हणाले, "ताई, तुम्हाला दुसऱ्यांच्या चुका बऱ्या सापडतात. ही सापडते का बघा."

२

धाकटे सर आपला ड्रॉवर कापडी पिशवीत रिकामा करत होते.

"अहो, आज सोमवार आहे," मी म्हटलं. "शनिवार यायचाय. आवरायची एवढी घाई कशाला?"

"एकोणीस वर्षं, ताई." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. पहिल्या पानावर एक ओळ हवी होती. उपसंपादक, आणि खाली माझं नाव. आई सत्त्याऐंशीची आहे. दर रविवारी विचारते, छापलं का रे तुझं नाव? आता येत्या रविवारी काय सांगू?"

मी दरडावून विचारलं, "भांडलात कशाला पण? एवढा काय तो शब्द!"

शब्दाचं नाव काढल्यावर मात्र त्यांचा चेहरा थोडा उजळला. हा रोग आमच्याकडे सगळ्यांनाच आहे.

"आज जंक म्हणजे भंगार, अडगळ. पण शब्द बोटीवरचा. झिजून निकामी झालेल्या दोरखंडाच्या तुकड्यांना खलाशी जंक म्हणायचे. पाच-सहाशे वर्षांची गोष्ट. मग बोटीवरचं खारवलेलं मांस दोरासारखं चिवट लागायचं, त्याला थट्टेने जंक. मग कुठल्याही जुन्या वस्तूला. शेवटी कचऱ्याला. चिनी गलबताला जंक म्हणतात तो शब्द निराळा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. इथपर्यंत आमचं एकमत."

"मग बिनसलं कुठे?"

"दोराच्या आधी काय, यावर. सर म्हणतात लव्हाळं. लॅटिनमध्ये लव्हाळ्याला जवळचा शब्द आहे, आणि लव्हाळ्याचे दोर वळतात. मी म्हणतो पुरावा कुठाय? 'मूळ अनिश्चित' लिहा. माहीत नाही म्हणायला लाज कसली? ते ऐकेनात. मग मी म्हणालो, त्या चिठ्ठ्या जाळून राख घातलीत तरी तुमचं लव्हाळं उगवायचं नाही." त्यांनी कपाळावर हात मारला. "माझ्या जिभेला हाड नाही."

"घेतल्यात तुम्ही?"

"त्यातल्या तीस माझ्या हातच्या आहेत. नऊ वर्षांपूर्वी सरांनी बंदरावरून जुन्या दोराचा तुकडा आणला होता, आठवतं? अजून त्यांच्या टेबलावर आहे. त्या दिवशी बसलो आणि लिहीत सुटलो. शेवटी तो दोर एका टोकाला उकलूनही पाहिला. बोटं आठवडाभर काळी होती."

"उकलायचा कशाला?"

"जुना दोर टाकत नसत, ताई. त्याचे धागे सुटे करायचे, फळ्यांच्या फटींत ठासायचे, वरून डांबर. त्या धाग्यांना ओकम म्हणतात. निकामी दोर होता म्हणून बोटीत पाणी शिरत नसे."

मला तेव्हा शब्दांचं कौतुक ऐकायला वेळ नव्हता. मी उठले आणि कपाटाकडे गेले.

३

खणात एक गोष्ट राहिली होती. गठ्ठ्याचा दोरा. गाठ सोडवून, बोटाभोवती गुंडाळून, कोपऱ्यात नीट ठेवलेला.

माणूस गाठ कशी सोडतो यावरून त्याचा स्वभाव कळतो, असं माझी आई म्हणायची. धाकटे सर सरळ ब्लेड चालवतात. त्यावरून वहिनी गेली एकोणीस वर्षं त्यांच्या नावाने खडे फोडतायत. मी दाताने तोडते. आमच्यात गाठ सोडवणारी माणसं दोनच, वहिनी आणि मोठे सर.

म्हणजे धाकटे सर सुटले. पण हे अध्यक्षांना सांगून काय उपयोग? दोऱ्याच्या भरवशावर कुणाची नोकरी वाचत नाही. चिठ्ठ्याच हव्या होत्या.

"वहिनी, शेजारचे गठ्ठे असे कसे?" मी विचारलं. अलीकडचा 'ज्युनिअर'चा आणि पलीकडचा 'ज्युरी'चा, दोन्ही पालथे होते. लिहिलेली बाजू खाली.

"मी पालथं नाही ठेवत कधी." त्यांचा आवाज कापला. "ताई, तुम्हाला माझा संशय येतोय."

"येतोय," मी म्हटलं. मला गोड बोलता येत नाही. "गाठ सोडून दोरा जपून ठेवणारी तुम्हीच."

वहिनी खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या. मग मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाणी आणून दिलं. त्या म्हणाल्या, "हे दोरे जपायला कुणी शिकवलं ठाऊक आहे? सरांच्या लेकीने. आठ वर्षांची असल्यापासून यायची इथे. माझ्या आधी चिठ्ठ्या तीच कापायची."

मलाही ती आठवत होती. पाय जमिनीला टेकत नसत, तरी कात्री घेऊन बसायची, आणि एखाद्याने कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिलेलं दिसलं की मोठ्या माणसासारखी चिडायची. "एवढा चांगला कागद वाया घालवला!" पुढे तिची आई गेली, त्या दिवशी मोठे सर इथे बसून 'एफ'ची प्रुफं बघत होते. लेक दारात येऊन सगळ्यांसमोर नको ते बोलली आणि गेली, ती गेलीच. त्याला दहा वर्षं झाली. तिचं नाव सरांसमोर कुणी काढत नाही.

"ते राहू द्या," मी म्हटलं. "आणखी काही हरवलंय का ऑफिसातून?"

"हरवलं नाही. पण..." वहिनी घुटमळल्या. "शुक्रवारी संध्याकाळी मोठ्या सरांनी माझ्या टेबलावरची काच मागून नेली. म्हणाले, चार दिवसांनी देतो."

मोठ्या सरांच्या टेबलावर चांगली जाड काच आहे. त्यांना दुसरी कशाला लागावी?

४

मंगळवार असाच गेला. बुधवारी दुपारी मी माझ्याच टेबलाच्या काचेखालच्या एका फोटोकडे बघत होते. आमचे हे जाऊन चौदा वर्षं झाली, त्यांचा फोटो. पाठीमागे त्यांनी तारीख लिहिली होती ती आठवेना. काच उचलून फोटो काढावा लागला, आणि फोटो उलटा करताना माझा हात तसाच थांबला.

एका काचेखाली ठेवलेल्या कागदाची एकच बाजू दिसते. दोन काचांच्या मध्ये ठेवला, तर दोन्ही काचा एकदम उलट्या करून दुसरीही वाचता येते. तुकडे न हलवता.

शेजारचे गठ्ठे पालथे का होते तेही मग लक्षात आलं. कुणीतरी चिठ्ठ्यांची पाठ बघत होतं. आम्ही सगळे बसलो होतो लव्हाळं की नाही लव्हाळं करत, आणि नेणाऱ्याला त्या शब्दाशी काही देणंघेणंच नव्हतं. त्याला मागचा कागद हवा होता. सव्वीस वर्षं पाठ वाचायची नाही म्हणून घोकलेलं, त्यामुळे माझ्यासारख्या चुका शोधणारीच्याही डोक्यात तीन दिवस हे आलं नाही.

मी वहिनींकडे गेले. "नऊ वर्षांपूर्वी, तो दोर आणला त्या दिवशी, तुम्ही कुठले कागद कापले होते?"

"असं कसं आठवेल ताई? मोठ्या सरांनीही हेच विचारलं होतं."

"कधी?"

"मागच्या महिन्यात. ते चार दिवस रजेवर जाऊन आले ना, त्यानंतर."

त्या रजेचं कारण सरांनी सांगितलं होतं, दूरच्या नात्यात एक मृत्यू. सव्वीस वर्षांत त्यांनी घेतलेली ती पहिली रजा. स्वतःची बायको गेली तेव्हाही न घेतलेली. दूरच्या नात्यासाठी एवढं?

मी खुर्चीत बसले. चोर सापडला याचा आनंद होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

५

गुरुवारी दुपारी मी मोठ्या सरांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"सर, वहिनींची काच परत हवीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणाले नाहीत. टेबलावरचं जाडजूड वर्तमानपत्र बाजूला केलं. खाली एकावर एक दोन काचा, आणि मध्ये ओळीने लावलेल्या चिठ्ठ्या, पाठ वर. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. मी ते ओळखत होते.

"कधी गेली?" मी विचारलं.

"मागच्या महिन्यात. रुग्णालयातून फोन आला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "तिच्या मैत्रिणीने विचारलं, तिने तुम्हाला एक मोठं पत्र लिहिलं होतं, मिळालं का? मिळालं होतं, ताई. तो दोर आणला त्याच दिवशी. मी अक्षर ओळखलं आणि पाकीट न उघडता रद्दीच्या टोपलीत टाकलं. सहा पानं होती म्हणे. वहिनींनी रोजच्यासारखी कापली."

"आणि धाकट्यांनी त्यावर 'जंक' लिहिला."

"चोवीस पट्ट्या. एकवीस मिळाल्या. या बघ. इथे तिची खोली आहे, खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं म्हणते. इथे लिहिलंय, आईच्या शेवटच्या दिवशी बोलले ते खरं होतं, पण बोलायला नको होतं. इथे खोकला सुरू झालाय." त्यांचं बोट काचेवरून फिरत शेवटच्या पट्टीवर थांबलं. "आणि हे शेवटचं पान. वरची एकच पट्टी आहे. 'आता एवढंच सांगते, तुम्ही उत्तर'. आणि पुढे काहीच नाही. उत्तर काय? पाठवा? पाठवू नका? मी शनिवार-रविवार इथे बसून शेजारचे गठ्ठे उलटले. दीड लाख चिठ्ठ्या आहेत, ताई. माझ्याच्याने होणार नाही."

मला रडू येत होतं आणि संतापही येत होता. संताप आधी बाहेर पडला.

"आणि तो धाकटा? चार दिवस चोर म्हणवून घेतोय! तुमच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं, की मी पत्र उघडलं नाही." त्यांनी मान खाली घातली. "मला तेवढं धैर्य झालं नाही. बोलव त्याला."

६

धाकट्या सरांनी सगळं उभ्यानेच ऐकलं. काचेकडे पाहिलं, मोठ्या सरांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"माझी आई तीन रात्री झोपली नाही," ते म्हणाले. "तुम्ही नुसतं 'याने नाही घेतल्या' म्हणाला असता, तरी पुरे होतं. कारण कुणी विचारलं असतं तुम्हाला?"

"चुकलो," मोठे सर म्हणाले. मी हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यांनी कागद ओढला आणि तिथेच अध्यक्षांना लिहून दिलं, की चिठ्ठ्या मी घेतल्या, उपसंपादकांना दोष नाही, त्यांचं नाव राहील आणि पुढल्या भागापासून संपादक तेच असतील. वेलांटी एक चुकली नाही. आधीच सांगून टाकते, शनिवारी पहिलं पान छापायला गेलं त्यावर ते नाव होतं. मी त्याचं प्रूफ तीनदा तपासलं. 'जंक'पुढे 'मूळ अनिश्चित' असं मोठ्या सरांनी स्वतः लिहून दिलं.

कागद हातात आल्यावर धाकट्या सरांनी निघून जायला हवं होतं. मी असते तर गेले असते. ते दारापर्यंत गेले, थांबले, आणि परत येऊन काचेवर वाकले.

"ताई, जरा धरा." आम्ही दोघांनी मिळून काचा उलट्या केल्या. आता त्यांचं स्वतःचं अक्षर वर आलं. ते कोपऱ्यातल्या तारखा बघत गेले. "सगळ्या त्याच दिवसाच्या. वहिनी पट्ट्या रचून ठेवायच्या, मी वरून एकेक उचलायचो. ही शेवटची. हिच्यानंतर 'जंक'ची वाक्यं संपली."

"मग उरलेल्या पट्ट्यांवर काय लिहिलंत?" मी विचारलं.

ते स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. "दोर उकलला," ते सावकाश म्हणाले. "बोटं काळी झाली. आणि मग ओकम लिहिला. त्याच बैठकीत." आणि ते अक्षरशः धावत सुटले.

'ओ'चे खण खालच्या रांगेत आहेत, तिथे पुढची दहा वर्षं कुणी फिरकलं नसतं. वहिनी गुडघ्यावर बसल्या. गठ्ठा लहानसाच होता, सहा चिठ्ठ्यांचा. धाकट्या सरांनी खिशातून ब्लेड काढलं, मग पुन्हा खिशात ठेवलं आणि नखांनी गाठ सोडवली. तीन चिठ्ठ्यांच्या कडेला काळ्या बोटांचे ठसे होते. त्या त्यांनी उलट्या केल्या, पण वाचल्या नाहीत. तशाच नेऊन मोठ्या सरांसमोर ठेवल्या.

सरांनी चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढला. "मला दिसत नाहीये. ताई, तू वाच."

मी वाचलं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं मोठ्याने वाचणं हेच माझं काम.

"'...नाही पाठवलंत तरी मी रागावणार नाही. तुमचा राग मला माहीत आहे, तो माझ्यातही आहे.'" ही पहिली.

"'कधीतरी एकदा या. इथे फार शब्द नाहीत, पण चहा बरा करते.'" ही दुसरी.

तिसरीवर चारच ओळी होत्या. "'बाबा, तुम्ही हे उघडणार नाही असंच मला वाटतंय. वहिनी कापतील. म्हणून सगळी पानं एकाच बाजूने लिहिली आहेत. मागची बाजू कोरी ठेवलीय, कामाला येईल.'"

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. धाकटे सर भिंतीकडे वळले.

मोठ्या सरांनी माझ्या हातातून ती चिठ्ठी घेतली आणि उलटी केली. मागची बाजू आता कोरी नव्हती. धाकट्या सरांच्या बारीक अक्षरात, तारखेसकट, ती काठोकाठ भरली होती. सर कितीतरी वेळ त्या बाजूवरून अंगठा फिरवत राहिले.

"आली गं," ते म्हणाले. "कामाला आली." आणि मग आम्ही तिघं समोर उभे असताना ते लहान मुलासारखे रडले.